शाईचा हिशोब

दर वर्षी जून उजाडला, की भारतातून मला एका विषयावरच्या मेल हमखास येतात. मुलांच्या शाळा सुरू होतात, प्रोजेक्ट नावाचं प्रकरण पालकांच्या मानेवर बसतं आणि मग कुणीतरी विचारतं, "अरे, तू इंजिनियर ना? घरी कुठला प्रिंटर घेऊ? शाईचा खर्च कमी पाहिजे हं!" माझं डॉक्टरेटचं काम केसाहून बारीक नळ्यांमधून वाहणाऱ्या द्रवांवर होतं, त्यामुळे प्रश्न अगदीच चुकीच्या माणसाला विचारलेला नसतो. पण दर वेळी मॉडेलचं नाव सांगून मोकळं होण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं असं ठरवलं. कारण खरा प्रश्न कुठला प्रिंटर घ्यावा हा नाहीच. शाई यंत्रापेक्षा महाग झालीच कशी, हा आहे. आणि तो इतिहासाचा प्रश्न आहे.

मी राहतो मस्कतमध्ये. ओमानी रियालचे हजार भाग होतात, त्यांना 'बैसा' म्हणतात. नाव ओळखीचं वाटलं ना? आपला पैसाच तो! १९७० पर्यंत इथे भारतात छापलेले खास 'आखाती रुपये' चालत. रिझर्व्ह बँकेने ते १९५९ मध्ये काढले होते. तर या बैशांच्या देशात छपाई फार उशिरा आली. २३ जुलै १९७० रोजी सुलतान काबूस सत्तेवर आले तेव्हा अख्ख्या देशात तीन शाळा आणि जेमतेम दहा किलोमीटर डांबरी रस्ता होता. 'अल् वतन' हे देशातलं पहिलं वर्तमानपत्र १९७१ मध्ये निघालं, पण ते सुरुवातीला छापून घ्यावं लागे परदेशात. म्हणजे शाई उमटणार दुसऱ्या देशात आणि बातमी वाचली जाणार मस्कतमध्ये. तोवर ग्रंथ हातानेच उतरवले जात. इथल्या संग्रहांमध्ये विसाव्या शतकातल्या हस्तलिखित पोथ्याही आहेत.

पण गंमत अशी, की ओमानी राजघराण्याचा छापखाना त्याच्या नव्वद वर्षं आधीच सुरू झाला होता, फक्त तो ओमानमध्ये नव्हता. १८५६ मध्ये सुलतान सैद वारले आणि मस्कत व झांजिबार अशी राज्याची वाटणी झाली. १८६१ मध्ये त्या वाटणीवर शिक्कामोर्तब केलं ते आपल्याकडच्या लॉर्ड कॅनिंगने. झांजिबारच्या गादीसाठी १८५९ मध्ये बरगश नावाच्या राजपुत्राने बंड केलं, ते फसलं आणि इंग्रजांनी त्याला धाडलं कुठे? तर आपल्या मुंबईला! दोनेक वर्षं तो तिथे होता. पुढे १८७० मध्ये तो सुलतान झाला आणि १८८० च्या आसपास त्याने झांजिबारला सरकारी छापखाना काढून इबादी पंथाचे धर्मग्रंथ छापायला घेतले. त्याने छापखान्याची कल्पना मुंबईतूनच उचलली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तो राहिला त्या मुंबईत गल्लोगल्ली शिळाप्रेस होते आणि तिथली अरबी-फारसी पुस्तकं गलबतांनी अरबस्तानात नि पूर्व आफ्रिकेत जात होती, एवढं मात्र नक्की.

आता मुंबईचा विषय निघालाच आहे, तर गणपत कृष्णाजींना नमस्कार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या या माणसाने स्वतःच्या हिकमतीने शिळाप्रेस उभा केला आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं. अडचण होती शाईची. छापखान्याच्या शाईत चरबी असते, म्हणून सोवळी मंडळी छापील कागदाला हात लावायला तयार नसत. गणपत कृष्णाजींनी शाई स्वतः बनवली आणि तिच्यात चरबीऐवजी तूप घातलं असं सांगितलं जातं. मला यातलं इंजिनियरिंग फार आवडतं. शिळाछपाई चालते ती तेल आणि पाणी मिसळत नाही या एकाच तत्त्वावर, त्यामुळे शाईत स्निग्ध पदार्थ हवाच, तो काढून टाकता येत नाही. पण तो कुठला घ्यायचा, हे मात्र यंत्र ठरवत नाही, यंत्राचा मालक ठरवतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शंभर वर्षांनी, १९३१ मध्ये, दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईचा धंदा सुरू केला. तीच पुढची 'कॅम्लिन'. सुरुवातीचा माल होता 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड आणि गोळ्या. गोळी आणायची, पाण्यात विरघळवायची, दौत भरायची. शाईत बहुतेक पाणीच असतं, मग ते दुकानातून विकत कशाला आणायचं? पाणी आपल्या माठातलं! आपल्या आजोबांच्या पिढीने पानामागे खर्च कमी करण्याचा हा सरळ उपाय वापरला. टाकाला गोळी कुठल्या कंपनीची हे कळत नसे आणि कळायची गरजही नव्हती.

मग बिघडलं कुठे?

१९७७ मध्ये जपानला कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंगची सळई चुकून शाईच्या पिचकारीच्या सुईला लागली आणि टोकातून शाई उडाली. त्यातून शाई तापवून थेंब उडवायची कल्पना निघाली. थोड्याच काळात अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डची माणसं स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपाशी पोचली. सूक्ष्म तापक सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात शाईचा पातळ थर उकळवतो, वाफेचा बुडबुडा फुगतो आणि समोरच्या छिद्रातून थेंब ढकलतो. बुडबुडा फुटतो तेव्हा मात्र तापकावर अक्षरशः हातोडा बसतो, शिवाय करपलेल्या शाईची पुटं चढतात ती वेगळीच. म्हणजे छपाईचं डोकं झिजणार, तुंबणार हे ठरलेलं. यावर एचपीने १९८४ च्या 'थिंकजेट' मध्ये काढलेला तोडगा अफलातून होता: डोकं आणि शाई एकाच डबीत ठेवा, शाई संपली की डोक्यासकट डबी फेकून द्या. बारा छिद्रांचं ते डोकं होतं, यंत्राची किंमत ४९५ डॉलर. लबाडी काही नव्हती. टाकाऊ डबी हे एका खऱ्या तांत्रिक अडचणीचं प्रामाणिक उत्तर होतं.

पण व्यापाऱ्याच्या नजरेला त्यात वेगळंच दिसलं. गिऱ्हाईक दर दोन महिन्यांनी परत येणार! १९९० च्या दशकात स्पर्धेमुळे यंत्रांच्या किमती कोसळत गेल्या आणि नफा शाईत सरकला. याला 'दाढीचं यंत्र फुकट, पाती महाग' अशी जिलेटची युक्ती म्हणायची पद्धत आहे. पण खुद्द जिलेटने पेटंट हातात असेपर्यंत यंत्र चांगलं पाच डॉलरला, म्हणजे महागच विकलं. ते स्वस्त झालं १९२१ मध्ये पेटंट संपलं तेव्हा. पेटंट गेल्यावर दुसऱ्यांची पाती त्या यंत्रात बसू लागली, तरी त्याचा धंदा चालला.

प्रिंटरवाल्यांना नेमकी याचीच भीती होती, दुसऱ्याचं पातं आपल्या यंत्रात बसण्याची! म्हणून नव्वदीच्या अखेरीपासून डब्यांवर चिप आली. यंत्र डबीला विचारतं, तू कोणाची? उत्तर पटलं नाही, तर शाई भरलेली असूनही छापत नाही. प्रकरण कोर्टात गेलं. लेक्समार्क कंपनीने २००२ च्या अखेरीस चिप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीवर कॉपीराइटच्या कायद्याखाली दावा लावला (म्हणजे टोनरची डबी ही जणू कादंबरीच!). २००४ मध्ये अपील कोर्टाने लेक्समार्कच्या बाजूचा मनाई हुकूम रद्द केला. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की एकदा विकलेल्या डबीवर विकणाऱ्याचा पेटंट हक्क उरत नाही. युरोपनेही २००२ च्या इ-कचरा निर्देशात वस्तूचा पुनर्वापर अडवणाऱ्या रचना नकोत असं म्हटलं. कायदा असा ग्राहकाकडे झुकला, पण चिप काही गेली नाही. नव्या चिपा येतात, इंटरनेटवरून यंत्राचं सॉफ्टवेअर बदलतं आणि काल चालणारी डबी आज चालत नाही.

याला खरं उत्तर कोर्टातून आलं नाही, आलं ते आपल्यासारख्या देशांच्या बाजारातून. इंडोनेशियातले दुकानदार प्रिंटरच्या बाजूला शाईच्या बाटल्या अडकवून, त्यातून नळ्या आत सोडून यंत्रं विकत असत. कंपनीची गॅरंटी गेली तरी गिऱ्हाईक खूष. एप्सनचं डोकं तापकावर चालत नाही, विजेने आकार बदलणाऱ्या स्फटिकावर चालतं. त्यात उकळणं नाही, म्हणून डोकं दीर्घकाळ टिकतं आणि शाईबरोबर फेकावं लागत नाही. शेवटी कंपनीनेच शहाणपणाने ऑक्टोबर २०१० मध्ये, आधी इंडोनेशियात, टाकीवाला प्रिंटर आणला: यंत्र महाग, शाई स्वस्त. पुढे भारतात आला, युरोप-अमेरिकेला मात्र चार-पाच वर्षं वाट पाहावी लागली. कॅनन आणि एचपी त्याच वाटेने गेले. जुगाड म्हणून आपण ज्याला हसतो, त्याने अख्ख्या धंद्याचं गणित उलटं केलं!

आता हिशोब. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, तुम्ही तुमच्या दुकानातले घाला. समजा डबीवाला प्रिंटर २० रियालचा, ५ रियालच्या डबीत १५० पानं. म्हणजे पानाला ३३ बैसे. टाकीवाला ६५ रियालचा, ४ रियालच्या काळ्या शाईच्या बाटलीत ४,००० पानं. पानाला १ बैसा. सुरुवातीचा ४५ रियालचा फरक भरून निघतो साधारण १,४०० पानांनी. महिन्याला १०० पानं छापत असाल, तर चौदा महिन्यांत. महिन्याला १० च छापत असाल, तर साडेअकरा वर्षांनी! अशांनी कुठलाच प्रिंटर न घेता कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याशी मैत्री करावी.

डब्यांवरचे पानांचे आकडे कसे मोजतात, तेही माहीत असू द्या. त्यासाठी २००६ पासून एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ठरावीक पानं प्रयोगशाळेत सलग छापली जातात. आपण घरी तसं छापत नाही. आठवड्याला दोन पानं छापली, की मधल्या काळात छिद्रांतली शाई सुकते आणि यंत्र ती साफ करायला आणखी शाई ओतून देतं. ती आतल्या शोषक गादीत जाते, आणि गादी भरली की यंत्र संप पुकारतं. म्हणून गादी ग्राहकाला बदलता येते का, हे दुकानात जरूर विचारा.

मस्कतमध्ये हा मुद्दा जास्तच टोचतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि नेमके तेव्हाच आम्ही लोक दीड-दोन महिने सुट्टीवर जातो. बंद घरात एसी नाही. परत येईतो शाईची खपली धरलेली. अशा घरांना मी काळा-पांढरा लेसर सुचवतो. त्याची शाई म्हणजे कोरडी पूडच, त्यामुळे ती सुकायचा प्रश्नच नाही. रंगीत फोटो नाही मिळणार, पण गृहपाठाला रंग लागतात किती?

शेवटी माझी कसोटी एकच आहे, तीही गणपत कृष्णाजींकडून घेतलेली. घेण्यापूर्वी दुकानदाराला विचारा: या यंत्रात शाई कुठली घालायची ते कोण ठरवणार, मी की यंत्र? उत्तर "यंत्र" असं आलं, तर किंमत कितीही कमी असो, ती यंत्राची किंमत नाही, पुढच्या खर्चाचा पहिला हप्ता आहे. आम्हा परदेशी राहणाऱ्यांना भाड्याची घरं आणि मुदतीचे व्हिसा सवयीचे असतात. पण पैसे मोजून घरी आणलेली वस्तू तरी आपली असावी की नाही?

असो. जूनपर्यंत वेळ आहे. मागच्या वर्षभरात घरात किती पानं छापली ते आधी मोजा, आणि मग दुकानात जा.