यंत्राबाहेरचे दप्तर

बदलीच्या नोकरीत घरातील प्रत्येक वस्तूला एकच कसोटी लागते. ती खोक्यात मावते की नाही. चार वर्षांपूर्वी गुवाहाटीस असताना घरी संगणक घ्यावयाचे ठरले, तेव्हा याच कसोटीने आम्ही पोळ्यांच्या डब्याहून लहान असे एक यंत्र पसंत केले. त्याच्या पोटात साठवणीला जागा बेताचीच होती. म्हणून खिशात मावेल अशी एक बाहेरची हार्ड डिस्क घेतली आणि हातभर केबलने ती यंत्रास जोडली. घरचे फोटो, कागदपत्रांच्या प्रती आणि आजीच्या आवाजात टिपून ठेवलेल्या जात्यावरच्या ओव्या हे सर्व मी त्या डिस्कवर हलविले. 'हलविले' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे मला पुन्हा यावे लागणार आहे.

यंत्र एकीकडे आणि त्याची स्मृती दुसरीकडे, ही मांडणी मला तेव्हा निव्वळ काटकसरीची तडजोड वाटली. इतिहास पाहू जाता ती हार्ड डिस्कच्या जन्माइतकी जुनी निघाली. १९५६ साली आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाचा संगणक जाहीर केला. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली त्याची डिस्क तयार झाली होती, आणि ती एका स्वतंत्र कपाटात असे. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर मिनिटास १२०० फेरे घेत. वाचणारा हात लिफ्टप्रमाणे वरखाली जाई आणि हव्या त्या तबकडीपाशी थांबून आत शिरे. सुमारे टनभर वजनाच्या त्या कपाटात ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवरील एखाददुसऱ्या फोटोनेच तेवढी जागा भरून जाते, हे सांगून हसणे सोपे आहे. परंतु त्यामागील कल्पना कोणाही कारकुनास तत्काळ पटावी अशी होती. तोवर हिशेब पंचकार्डांच्या गठ्ठ्यांत किंवा चुंबकीय फितीवर असत. मधली एखादी नोंद पाहावयाची तर आधीच्या साऱ्या नोंदी ओलांडीत जावे लागे. रॅमॅकने बारनिशीचे हवे ते पान एकदम उघडून दिले.

या रचनेतील खरी नजाकत मात्र एका फटीत आहे. वाचणारे टोक तबकडीस टेकता कामा नये, आणि दूरही जाता कामा नये. रॅमॅकमध्ये ते दाबाखालच्या हवेने सुमारे २० मायक्रॉनवर तरंगत ठेवीत. पुढे फिरत्या तबकडीने स्वतःच उठविलेल्या वाऱ्यावर ते तरंगू लागले, आणि हे अंतर घटत घटत आज काही नॅनोमीटरांवर येऊन ठेपले आहे. फट जितकी अरुंद तितकी अक्षरे दाट बसतात. चालू डिस्कला बसलेला धक्का घातक का ठरतो, तेही याच फटीवरून कळते.

१९८० साली सीगेट कंपनीने सव्वापाच इंची डिस्क बाजारात आणली. तिच्यात ५ मेगाबाइट मावत, म्हणजे रॅमॅकचे कपाट आता हातात धरता येऊ लागले. तरीही घरच्या संगणकात ती लगेच शिरली नाही. १९८१ चा आयबीएम पीसी फ्लॉपीवर चाले. पोटात १० मेगाबाइटची डिस्क असलेली त्याची सुधारलेली आवृत्ती १९८३ साली आली. १९८४ चा मॅकिंटॉश दिसावयास सुबक, पंख्याचा आवाजही नाही. पण साठवणीला ४०० किलोबाइटची एक फ्लॉपी. बिचारा मालक फ्लॉप्या काढण्याघालण्यातच दमून जाई. १९८५ साली अॅपलने त्याच्याखाली पाटासारखी ठेवावयाची २० मेगाबाइटची बाहेरची डिस्क काढली. गंमत अशी, की डिस्क जोडण्यास योग्य असे तोंडच यंत्रास ठेवलेले नव्हते. ती फ्लॉपीच्या तोंडास जोडावी लागे आणि फ्लॉपीच्या वाटेने जेवढा वेग मिळे तेवढ्यावर समाधान मानावे लागे.

पुढील वर्षी मॅकिंटॉश प्लसवर स्कझी नावाचे तोंड आले. त्याला एकामागून एक अशी सात उपकरणे जोडता येत; मात्र प्रत्येकास वेगळा क्रमांक द्यावयाचा आणि साखळीच्या टोकास एक खुंटी ठोकून ती बंद करावयाची. दोघांस एकच क्रमांक पडला की सारेच अडत असे. एकाच जावक क्रमांकाची दोन पत्रे सुटल्यावर काय होते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांस अधिक सांगणे नलगे.

या कटकटीतून सामान्य माणूस सुटला तो यूएसबीमुळे. १९९६ साली तिचे पहिले रूप प्रसिद्ध झाले. ती घडविणाऱ्या इंटेलच्या अभियंत्यांत अजय भट्ट हे प्रमुख होते. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. गायकवाडांच्या बडोद्याशी ज्यांचा घरोबा आहे, त्यांना याचा थोडा अभिमान वाटला तर मी दोष देणार नाही. पहिल्या यूएसबीचा वेग सेकंदास फार तर १२ मेगाबिट. माउसला पुरेसा, डिस्कला तुटपुंजा. २००० साली तो ४८० वर गेला आणि मग बाहेरची डिस्क घरोघर पोचली. चालू यंत्रास ती जोडता येऊ लागली. काढताना मात्र यंत्रास आधी कळवावे, कारण शेवटच्या काही नोंदी उतरावयाच्या राहिलेल्या असू शकतात. कार्यभार सोपविल्यावाचून कोणी उठू नये, हा नियम येथेही आहेच.

त्यानंतर यंत्रे पुन्हा आक्रसू लागली. २००५ चा मॅक मिनी साडेसहा इंच चौरस आणि दोन इंच उंच. कीबोर्ड व पडदा ज्याचा त्याने आणावयाचा. आतली डिस्क लॅपटॉपची, ४० गिगाबाइटची. लगेच त्याच मापाच्या बाहेरच्या डिस्का निघाल्या आणि वीस वर्षांपूर्वीप्रमाणे यंत्राखाली जाऊन बसल्या. २०१२ चा रास्पबेरी पाय तर पत्त्याच्या पानाएवढा. त्यात डिस्कच नाही, आणि त्याच्या यूएसबीतून फिरती डिस्क चालविण्याइतकी वीजही मिळत नसे. तिच्यासाठी विजेची वेगळी सोय करावी लागे. यंत्र लहान करावयाचे तर स्मृतीला बाहेर बिऱ्हाड द्यावयाचे, असा हा सौदा आहे, आणि तो मीही केला होता.

दिल्लीस बदली झाली तेव्हा सामान बांधण्याच्या दिवशी सकाळी मी प्रवासाचे कागद शोधीत बसलो होतो. संगणक चालू होता. हमालांनी टेबल थोडे पुढे ओढले, केबल भिंतीकडील खिळ्यात अडकली, आणि फिरती डिस्क फरशीवर पडली. फार उंचावरून नव्हे. उचलली तेव्हा तिच्यातून घड्याळासारखी टकटक येत होती. ती नॅनोमीटरांची फट मी पुढे पुस्तकात वाचली. आवाज आधी ऐकला.

दिल्लीतील एका दुरुस्ती करणाऱ्याने बरेच फोटो काढून दिले. ओव्या निघाल्या नाहीत. यंत्रातील जागा मोकळी व्हावी म्हणून मी त्या हलविल्या होत्या. प्रत केली नव्हती. दुसरी डिस्क यंत्राबाहेर आहे एवढ्यावरूनच मी तिला सुरक्षित मानले होते. आजी त्याच्या आधीच्या वैशाखात गेली.

सौ.ने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तिने तिच्या जुन्या मोबाइलवर शोध घेतला, तेव्हा दोन ओव्या सापडल्या, मागे कुकरची शिट्टी आहे, आणि आजी मध्येच थांबून, "झालं का रे?" असे विचारते. त्या आता दोन डिस्कांवर आहेत. एक येथे, यंत्राशेजारी असते. दुसरी साताऱ्यास धाकट्या भावाच्या कपाटात असते, आणि दिवाळीच्या रजेत आम्ही त्यांची अदलाबदल करतो.