अपुऱ्या बंदुकीचा इतिहास

जुन्या वाड्याच्या माळ्यावर एखादी गंजलेली एकबारी बंदूक सापडली, की घरातील मंडळींच्या मनात बहुधा दोनच विचार येतात. भंगारात द्यावी, नाहीतर घासूनपुसून, हरवलेले भाग बसवून दिवाणखान्यात टांगावी. दोन्ही मार्गांनी इतिहासाची हानी होते, असे आम्हांस वाटते. दुरुस्तीपूर्वी वस्तूची ओळख पटली पाहिजे. तिच्यात जे नाही ते हरवले, की मुळातच दिले गेले नव्हते, हे ठरवले पाहिजे.

नाशिक जिल्ह्याने १८५७चा वणवा जवळून पाहिला. त्या वर्षी ४ ऑक्टोबर रोजी सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे येथे भागोजी नाईक यांच्या भिल्ल साथीदारांशी झालेल्या चकमकीत एक इंग्रज पोलीस अधिकारी मारला गेला. काडतुसांमुळे त्या साली गाजलेली एन्फिल्ड रायफल १८५३च्या नमुन्याची, ठासणीची. तिच्या नळीत तीन पीळदार खाचा असत. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाऊन दूरवर नेम साधत असे. उठाव शमल्यावर सरकारने हिंदी शिपायांसाठी बाहेरून तशाच दिसणाऱ्या, परंतु आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका करवून घेतल्या. गोऱ्या शिपायाच्या हाती मात्र खाचांची रायफल राहिली. म्हणून नळीत खाचा दिसल्या नाहीत, तर त्या झिजल्या असे धरून चालू नये. तो गुळगुळीतपणा राज्यकर्त्यांच्या अविश्वासाचा दस्तऐवज असू शकतो.

पुढे १८६६पासून एन्फिल्डच्याच नळीचा मागचा भाग कापून तेथे बाजूला उघडणारे झाकण बसवले गेले; ती स्नायडर. १८७१ची मार्टिनी-हेन्री चापामागचा दांडा खाली ओढला की उघडते. घोडा, झाकण वा दांडा नाहीसा झाला, तरी लोखंडी पट्टीवरचा मुकुट, कारखान्याचे नाव आणि साल यांवरून जाणकार तिची जात सांगू शकतात. विसाव्या शतकात ईशापूरच्या कारखान्यात ली-एन्फिल्ड रायफली पालटून पोलिसांसाठी ‘४१० मस्केट’ तयार झाली. नळी गुळगुळीत, काडतुसांच्या पेटीची जागा लाकडी ठोकळ्याने बंद, एका वेळी एकच बार. हे ठाऊक नसणारा तो ठोकळा काढून टाकील, आणि त्याबरोबर पुरावाही.

गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराची घंटा आपल्या वाचकांना, विशेषतः वसईकरांना, ठाऊक असेल. तिच्यावरील १७२१ हे साल आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्याची आठवण, यांच्या आधारे त्या पोर्तुगीज घंटेचा माग लागतो. कुणी हौसेने ते आकडे घासून टाकले असते, तर केवढा धागा तुटला असता!

मग जीर्णोद्धार कसा करावा? ठासणीच्या नळीत शतकापूर्वीचा बार अजूनही असू शकतो. तेव्हा ती ठोकू वा तापवू नये. प्रथम पोलीस ठाण्यास कळवावे. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील ४५वे कलम पुरातन वा निकामी शस्त्रांना सवलत देते. मात्र ती दुरुस्त करूनही चालवता येऊ नयेत, ही अट आहे. हा निवाडा घरमालकाने स्वतः करावयाचा नाही. बंदूक निर्धोक ठरल्यावर काम थोडेच उरते. सैल गंज मऊ ब्रशने काढावा, लोखंडाला हलके तेल व लाकडाला मेण लावावे, कोरड्या जागी ठेवावे. पॉलिशपेपर लावू नये. नवा भाग बसवायचाच, तर तो शोभेपुरता, पुन्हा काढता येण्याजोगा असावा आणि त्यावर नवेपणाची खूण असावी.

शस्त्राचा गौरव करावा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु खाचा कुणाला मिळाल्या आणि कुणाला नाकारल्या, हे त्या नळीत लिहिलेले आहे. आपल्या मुलांना ते वाचता यावे, एवढ्यासाठी तरी तिला अपुरी राहू द्यावी.