शरभाचे मूळ गाव

गेल्या हिवाळ्यात निपाणीकडचे एक मास्तर आमच्याकडे इंदूरला उतरले होते. रात्री जेवण झाल्यावर त्यांना सराफ्यात नेले. दिवसभर सोन्याचांदीचा व्यवहार करणारी दुकाने मिटली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात, याचे नवल करीत ते गराडूचा द्रोण हातात घेऊन उभे होते. मध्येच म्हणाले, "तुम्ही इतिहासात डोकं घालता म्हणून विचारतो. शरभ कुणाचा हो? आपला, का कानडी?"

प्रश्नामागे वर्गातले भांडण होते. मास्तरांच्या वर्गात दोन्ही भाषांच्या घरची मुले. एकाने सहलीत काढलेला रायगडावरचा फोटो आणला होता : दगडात कोरलेला सिंहासारखा प्राणी आणि त्याच्या पंज्यांत उंदरांसारखे सापडलेले हत्ती. दुसऱ्याने सरकारी कागदावरचे कर्नाटकाचे राजचिन्ह पुढे केले. त्यात मधोमध दोन डोक्यांचा गंडभेरुंड आणि दोन्ही अंगांना सिंहाच्या धडाचे, हत्तीच्या सोंडेचे गजकेसरी. 'हे आमचे', 'नाही, आमचे', असे म्हणता म्हणता प्रकरण पाट्या-दप्तरांवर आले. मास्तरांनी दोघांनाही उभे केले खरे. पण उत्तर त्यांच्यापाशीही नव्हते.

माझ्यापाशी तरी कुठे होते? त्या रात्री मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. मग मात्र तो प्राणी डोक्यातून जाईना.

पहिली गोष्ट अशी की, शरभ एकटा नाही. ते एक कुळ आहे. सिंहाचे धड हा त्या कुळाचा समान वारसा. त्यावर कुणाला पंख, कुणाला चोच, कुणाला सोंड. शिल्पशास्त्र त्यांना व्याल म्हणते, बोलीत कुणी शार्दूल म्हणतो, दक्षिणेत याळी. पाश्चात्त्यांचा ग्रिफिन, म्हणजे गरुडाच्या डोक्याचा पंखधारी सिंह, हा याच भाऊबंदकीतला. गंडभेरुंड हा पक्षी. पण कुळाच्या भांडणात तो इतका गुंतला आहे की त्याला सोयरा मानावेच लागते.

या कुळाचे मूळ गाव कोणते? येथे मोठी मौज आहे. ज्याला विचारावे तो दुसऱ्याच्या गावाकडे बोट दाखवतो. ग्रीकांचा हिरोडोटस ग्रिफिनांना दूर उत्तरेला सोन्याच्या राखणीवर बसवतो. इराणी दरबारात वैद्य असलेला क्टेसियस ख्रिस्तपूर्व चारशेच्या सुमारास लिहितो की, हे लांडग्याएवढे, सिंहाच्या पंज्यांचे, चार पायांचे पक्षी भारतातल्या डोंगरांत सोने राखतात. हा गृहस्थ भारतात कधी आला नव्हता. त्याच्या अवतीभवती, पर्सेपोलिसच्या राजवाड्यात, गरुडमुखी सिंहांची खांबशीर्षे होती. तरी त्याला तो प्राणी आपल्याकडचा वाटला. आणि आपण? महाभारतात शरभ हा आठ पायांचा, सिंहाला मारणारा वनपशू. कालिदासाच्या 'मेघदूता'त तो हिमालयावर भेटतो, ढगावर झेप घेणारा. म्हणजे आपणही त्याला उत्तरेच्या डोंगरात धाडून मोकळे झालो. उंबऱ्याशी जन्मलेला अद्भुत प्राणी कुणालाच नको असतो!

दक्षिणेकडचे पुरावे मात्र पक्के आणि तारखेचे आहेत. शिमोगा जिल्ह्यातल्या बळ्ळीगावे येथे चालुक्यांच्या काळात, १०४७ साली, उभारलेला भेरुंडाचा स्तंभ आजही आहे. बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरात तर या कुळाची वंशावळच कोरली आहे, पण ती जन्माची नव्हे, मरणाची. हरणाला अजगर गिळतो, अजगराला हत्ती उचलतो, हत्तीवर सिंह, सिंहावर शरभ आणि शरभाला फाडणारा गंडभेरुंड. यामागे शैव-वैष्णवांचा जुना वाद आहे. नरसिंहाचा क्रोध आवरेना तेव्हा शंकराने शरभाचे रूप घेतले, असे लिंगपुराण सांगते. वैष्णवांनी यावर शरभालाही पुरून उरणारा गंडभेरुंड उभा केला. विजयनगरच्या अच्युतरायाने तो नाण्यांवर घेतला, मैसूरच्या वडेयरांनी राजचिन्हात घेतला आणि तेथून तो आजच्या कर्नाटकाच्या कागदावर आला. दुसऱ्या मुलाचे म्हणणे खोटे नव्हते.

पण हे सारे सांगायला मी माळव्यात बसलो आहे, आणि माळव्याचे कागद याहून जुने निघतात. भोपाळच्या पुढे सांचीला जावे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातल्या तोरणांवर पंखांचे सिंह बसले आहेत. दक्षिण तोरणावरचा लेख सांगतो की, राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याने ही तुळई दान केली. सातकर्णी हा सातवाहन, म्हणजे आपल्या पैठणचे घराणे. दख्खनच्या राजाचा कारागीर माळव्यात, आणि शेजारी इराणी थाटाचा पंखधारी सिंह. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या दगडापुढे 'मूळचे कुठले?' हा प्रश्न कुणाला विचारावा, हे मला तिथे उभे राहून सुचले नव्हते. तेव्हा मी फक्त फोटो काढत होतो.

दुसरा कागद याहून जवळचा. इंदूरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर धार. तिथे अकराव्या शतकात परमार भोजाने राज्य केले आणि त्याच्या नावावरच्या 'समरांगणसूत्रधार' या वास्तुग्रंथात व्यालांचे सोळा प्रकार दिले आहेत. धड तेच, मुखे वेगळी. सिंह, हत्ती, घोडा ही ठीकच. पण पोपट, कोंबडा, बोकड, माकड, गाढव हेही मानकरी! त्यात गिधाडाच्या तोंडाचा एक व्याल आहे. क्टेसियसचा सोन्यावरचा पहारेकरी याहून फारसा वेगळा नसावा. भोज आणि बळ्ळीगावेचा स्तंभ एकाच काळातले. एकीकडे माळव्यात या कुळाची नोंदवही लिहिली जात होती, त्याच सुमारास कानडी मुलखात एकाचा खांब उभा राहत होता. त्या वेळचे चालुक्य आणि परमार एकमेकांचे हाडवैरी होते, हेही येथे लक्षात ठेवावे.

आता पहिल्या मुलाचा फोटो. मराठी मुलखात शरभ देवळापेक्षा किल्ल्याच्या दरवाज्यावर अधिक रमला. तिथे त्याचा रिवाज ठरलेला आहे. तो बहुधा कडेने दिसतो, तोंड मात्र पाहणाऱ्याकडे. शेपटी पाठीवर वळलेली. आणि हत्ती हा त्याचा नित्याचा बळी. पंज्यात, तोंडात, शेपटीच्या वेटोळ्यात. जंजिऱ्याच्या मुख्य दरवाज्यावर त्याने सहा हत्ती धरले आहेत : चार पायांत चार, एक जबड्यात, एक शेपटीत. वाटाडे सांगतात की हे हत्ती म्हणजे जिंकलेल्या सत्ता. रायगडावरचे हत्ती म्हणजे अमुक पातशाही, तमुक पातशाही. मला हे पटत नाही. रायगड छत्रपतींचा आणि जंजिरा सिद्दीचा. आयुष्यभर एकमेकांशी झुंजलेल्या या दोघांच्या दारी एकच प्राणी एकाच ऐटीत बसला आहे. त्याला कोणाची बाजू ठाऊक असती तर एका ठिकाणाहून तो उठून गेला असता. माझ्या मते खुलासा साधा आहे. किल्ल्याचे दार फोडायला हत्ती आणीत. म्हणून दाराला लोखंडी खिळे ठोकीत आणि दारावर हत्ती खाणारा बसवीत. खिळे हत्तीच्या कपाळासाठी, शरभ माहुताच्या मनासाठी.

विजापूरला हीच गंमत तोफेवर आहे. मलिक-ए-मैदानचे तोंड म्हणजे जबडा वासलेला श्वापद, आणि त्याच्या दातांत हत्ती. ही तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली, तेथून परांड्यास गेली आणि १६३२ साली विजापूरला आली. मराठी मुलखात जन्मून कानडी मुलखात स्थायिक झालेली. सीमाभागात अशी उदाहरणे घरोघर सापडतील.

आणि गाविलगड. अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याजवळ, मराठीची वेस जिथे संपत येते तिथला हा किल्ला. त्याच्या शार्दूल दरवाज्यावर सिंह आहेत, हत्ती आहेत आणि चक्क गंडभेरुंड आहे. कानडी मुलखापासून इतक्या दूर तो कसा आला? पंधराव्या शतकाच्या अखेरीस गाविलगडची डागडुजी करणारा फतहुल्ला इमाद-उल्-मुल्क हा वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक. फिरिश्ता लिहितो की तो जन्माने विजयनगरकडचा कानडी ब्राह्मण; लहानपणी लढाईत पकडला गेला आणि मुसलमान म्हणून वाढला. आईबाप गेले, धर्म गेला, बहुधा भाषाही गेली. पुढे वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि १४९०च्या सुमारास स्वतंत्र राजा. त्याच्या दारावर गंडभेरुंड बसला आहे. तो त्याने सांगून कोरवून घेतला, की दक्षिणेतून आलेल्या पाथरवटाने आपल्या हातवळणाने कोरला, याचा कागद नाही. मला आपले वाटते की त्यानेच सांगितला असावा. लहानपणी कुठल्या तरी देवळाच्या खांबावर पाहिलेला पक्षी म्हातारपणी आठवणे अशक्य नाही.

गाविलगडाखाली मेळघाट, त्यापलीकडे तापी, मग निमाड, मग नर्मदा, आणि नर्मदा ओलांडली की माळवा. मराठी माणूस अठराव्या शतकात याच बाजूने वर आला. नीरेकाठच्या होळ गावचे होळकर इंदूरला आले, पवार धारेत आले. (धारेचे पवार आपण मूळचे परमारच म्हणतात, म्हणजे त्यांच्या हिशेबी ते आले नाहीत, परतले.) या मंडळींबरोबर आमच्या कुळातला एकजण आला तो दगडातून नव्हे, नावातून. ते नाव सर्जा.

फारसीत 'शर्झा' म्हणजे खवळलेला. सिंहाला लावायचे विशेषण. बीदरच्या किल्ल्याचा १५०३ सालचा दरवाजा शर्झा दरवाजा, कारण त्यावर सिंह कोरले आहेत. विजापुरात मलिक-ए-मैदान ज्या बुरुजावर आहे तो शर्झा बुरूज. आपला 'सर्जा' यातूनच आला असे मानतात. कवी भूषण ब्रजभाषेत शिवरायांना 'सरजा' म्हणतो. आणि कागलकर घाटग्यांचा किताब सर्जेराव. कागल म्हणजे निपाणीच्या अलीकडचे गाव. मास्तर शनिवारच्या शनिवार त्यावरून जातात.

त्या घाटग्यांपैकी सखाराम, ज्यांना इतिहास सर्जेराव म्हणूनच ओळखतो, हे दौलतराव शिंद्यांचे सासरे. १८०१च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनीला शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याचे उसने फेडायला सर्जेराव ऑक्टोबरात इंदुरावर चालून आले. १४ तारखेच्या लढाईत होळकर हरले. मग शहर लुटले गेले आणि राजवाड्याला आग लागली, ती सर्जेरावांच्या माणसांनी लावलेली. पुढच्याच वर्षी यशवंतरावांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजा मोडल्या, पेशवे वसईला इंग्रजांच्या आसऱ्याला गेले, आणि १८०३च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांकडून गाविलगड घेतला. तोफांनी तट फुटला. दरवाज्यावरचा गंडभेरुंड जागचा हलला नाही. पण हत्तींसाठी बसवलेल्या पहारेकऱ्याने तोफांचे काय करावे?

राजवाडा यशवंतरावांच्या मुलाच्या कारकिर्दीत पुन्हा उभा राहिला. १९०८ साली तो पुन्हा जळला, १९८४च्या दंगलीत तिसऱ्यांदा. होळकरांचे राजचिन्ह पाहावे तर त्यात सूर्य आहे, घोडा आहे, नंदी आहे, गव्हाची ओंबी आणि अफूचे बोंड आहे. खंडोबाचा घोडा, शंकराचा नंदी, माळव्याचे पीक. कधीही न जन्मलेला प्राणी त्यात एकही नाही. धनगराचा मुलगा आपल्या चिन्हात डोळ्यांनी पाहिलेलीच जनावरे घेईल, हे मला बरोबर वाटते.

हे सारे टाचण करून मी मास्तरांना पत्र घातले. लिहिले की, तुमच्या दोन्ही मुलांना बसायला सांगा. आणि भीत भीत हेही लिहिले की, ज्या राजवाड्यापाशी आपण गराडू खाल्ले तो पहिल्यांदा जाळणारा सर्जा तुमच्या शेजारचा.

उत्तर पंधरा दिवसांनी आले. राजवाड्याबद्दल त्यात अक्षर नव्हते. लिहिले होते की, आमच्या गोठ्यातही एक सर्जा होता. वडिलांचा लाडका बैल. खिलारी, लांब शिंगांचा. कर्नाटकी बेंदराला त्याला रंगवीत, शिंगांना बेगड लावीत. गावात त्याला मराठीत हाक मारीत. पण तळ्यावर नेला की वडील "बा, नीरु कुडि" असेच म्हणत, कारण ज्याच्याकडून तो विकत घेतला तो चिकोडीकडचा कानडी शेतकरी, आणि बैलाला पाण्याची सवय त्या शब्दांची होती. मराठीत 'ये, पाणी पी' म्हटले तर तो मान वर करून नुसता बघत राही. मुलांना मी हेच सांगितले, असे मास्तरांनी लिहिले आहे. आणि पुढे, निपाणीला याल तेव्हा आधी कळवा, कागलला उतरून घ्यायला येतो.