कर्करोग लागतो काय? एका प्रश्नाचा इतिहास

कर्करोगावर कुठेही बोलायला उभे राहा, शेवटी एक प्रश्न येतोच. कधी मास्तर विचारतात, कधी पाटील, तर कधी मागे भिंतीला टेकून बसलेली एखादी आजीबाई. "पण काय हो, हा रोग लागतो का?" खेड्यातच विचारतात असे समजू नका. अंधेरी-घाटकोपरच्या चाळींतूनही हीच धास्ती असते. घरात कोणाला कर्करोग निघाला की त्याची ताट-वाटी वेगळी होते, लेकरांना त्याच्या अंथरुणाशी जाऊ देत नाहीत. बोलून दाखवीत नाहीत, पण करतात.

हा प्रश्न अडाणीपणाचा मात्र नव्हे बरे का. शंभर वर्षांपूर्वी जगातले नावाजलेले शास्त्रज्ञ याच प्रश्नामागे लागले होते. आणि त्याच्या उत्तराचा काही भाग आपल्या मुंबईत शोधला गेला.

काळच तसा होता. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सनने कुष्ठरोगाचा जंतू पाहिला. १८८२ साली जर्मनीत कॉखने क्षयाचा जंतू दाखवला. १८९६ साली मुंबईत मांडवीच्या वस्तीत प्लेग आला, डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि हाफकिनसाहेबांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा प्रयोगशाळेत लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. ज्या त्या रोगामागे जंतू सापडत होता. मग कर्करोगामागेही असलाच पाहिजे, असे लोकांना वाटले तर नवल काय? १८९० साली एडिंबरोच्या विल्यम रसेल यांनी कर्करोगाचा जंतू सापडल्याचे जाहीरही केले. पुढे कळले की सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले ते गोल ठिपके जंतू नसून शरीराच्याच पेशींनी बनवलेले पदार्थ होते. डेन्मार्कच्या फिबिगर यांना तर उंदरांच्या पोटातल्या जंतामुळे कर्करोग होतो या शोधाबद्दल १९२६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तो शोधही मागाहून टिकला नाही. अशा फजित्या झाल्यावर जाणत्या मंडळींनी या वाटेला जाणेच सोडले. कर्करोग आणि जंतू ही दोन नावे एका वाक्यात घेणारा माणूस हसण्यावारी जाऊ लागला.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. यांची दृष्टी मोठी विलक्षण. रोग्याच्या गाठीचा तुकडा काचेवर ठेवला की इतर लोक गाठ पाहत, खानोलकर रोग्याचे राहणीमान विचारीत. काय खातो, काय चघळतो, धोतर कसे नेसतो. हसू नका. वर्षानुवर्षे कमरेला करकचून धोतर कसले की कातडीवर घट्टा पडतो आणि क्वचित त्याच जागी कर्करोग उठतो, हे त्यांनी १९४५ साली छापून दाखवले. तंबाखू-चुन्याची गोळी जिथे ओठाखाली ठेवायची, नेमका तिथला कर्करोगही त्यांनी दाखवला. एकच जागा वर्षानुवर्षे चिडत राहिली तर काय होते, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचाच उपयोग आहे.

१९५२ साली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले. केंद्र कर्करोगाचे, पण खानोलकरांचा जीव कुष्ठरोगातही तितकाच गुंतलेला. कुष्ठाचा जंतू मज्जातंतूत कसा शिरतो यावर त्यांचे मोठे काम आहे. हा जंतू फार हट्टी. क्षयाचा जंतू काचपात्रात वाढवता येतो, हा कशानेच वाढत नाही. खानोलकरांच्या हाताखाली डॉ. कमल रणदिवे होत्या, पुण्याच्या हुजूरपागेतल्या आणि फर्ग्युसनच्या विद्यार्थिनी. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे त्या शरीराबाहेर पेशी वाढवण्याची विद्या शिकून आल्या होत्या. कर्करोगाच्या पेशी वाढवायच्या म्हणून ही विद्या आणली, आणि तीच त्यांनी कुष्ठाच्या जंतूला लावली. १९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळालेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे प्रसिद्ध केले. तो खरा कुष्ठजंतू नसून त्याच कुळातला दुसरा होता असे नंतर ठरले. तरी काम वाया गेले नाही. त्या जंतूपासून परळला कुष्ठरोगावरची लस तयार झाली, आणि दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ साली छापून आले. कुष्ठ आणि कर्करोग, समाजाने दूर लोटलेले हे दोन रोग, एकाच छपराखाली आणि एकाच हत्याराने अभ्यासले जात होते.

पण आपला प्रश्न राहिला. रोग लागतो का? याचे उत्तर नुसत्या सूक्ष्मदर्शकाने मिळायचे नाही, मोजदाद हवी. ती १९६३ साली सुरू झाली. डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबई कर्करोग नोंदणी उघडली. अख्ख्या लोकवस्तीतल्या कर्करोगाची अशी नोंद ठेवणारे हे देशातले पहिले कार्यालय. १९५० साली अंधेरी, घाटकोपर ही उपनगरे बृहन्मुंबईत आली होती, १९५७ साली हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली होती. त्यामुळे बोरिवलीचा दुकानदार आणि मुलुंडचा गिरणीकामगार, दोघेही या वहीत आले. नोंदणीची माणसे रुग्णालयांतून आणि मृत्यूच्या दाखल्यांतून एकेक नाव टिपीत.

काय दिसले? पुरुषांत तोंडाचा आणि घशाचा कर्करोग ठळक, कारण तंबाखू. स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा बराच. पारशी स्त्रियांत मात्र स्तनाचा अधिक. पाहा, शहर एक, हवा-पाणी एक, आणि समाजासमाजात रोग निराळा! प्लेग असा वागत नाही. जो रोग उंबरा ओलांडून शेजारी जात नाही, तो लागट कसा म्हणावा? माझ्या मते आजीबाईच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर नाही.

इथे गोष्ट संपली असती, पण १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थ शहरी एक नवल घडले. वॉरन आणि मार्शल या दोघा डॉक्टरांनी माणसाच्या जठरातून मळसूत्रासारखा पिळदार जंतू काढून वाढवला. जठरातल्या जळजळीत आम्लात जंतू जगतो यावर कोणाचा विश्वास बसेना, म्हणून १९८४ साली मार्शलने तो चक्क पिऊन टाकला आणि आपले जठर सुजवून घेतले! हेलिकोबॅक्टर पायलोरी असे त्याचे नाव. तो बहुधा लहानपणी, दाटीच्या घरात, तोंडावाटे शिरतो आणि जठराच्या अस्तरावर वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो. अस्तर सुजते, पेशी मरतात, नव्या येतात, पुन्हा सुजते. जखमेवरची खपली पुनःपुन्हा निघावी तसे. दरवेळी नव्या पेशी बनताना नक्कल करण्यात चूक व्हायचा संभव, आणि वीस-तीस वर्षांनी एखाद्याच्या बाबतीत ती चूक कर्करोगाची ठरते. घट्ट कसलेल्या धोतराची गोष्ट आठवली ना? १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हा जंतू कर्करोगाच्या निश्चित कारणांत घातला, २००५ साली दोघांना नोबेल मिळाले.

म्हणजे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, कर्करोग जात नाही. शिवाय जंतू असलेल्या बहुतेकांना तो कधी होतही नाही. आपल्याकडे हा जंतू कितीतरी जणांच्या पोटात आहे, पण जठराचा कर्करोग देशाच्या बऱ्याच भागांत त्या मानाने थोडाच. असे का, याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही. औषधाने हा जंतू घालवता येतो, म्हणून वर्षानुवर्षे पोटात जळजळ असेल तर नुसता सोडा घेत बसू नये, डॉक्टरला दाखवावे.

विषमज्वराचीही अशीच कथा. ताप उतरतो, माणूस कामाला लागतो, पण थोड्यांच्या पित्ताशयात, विशेषतः खडे असल्यास, जंतू दडून राहतो. १९६४ साली स्कॉटलंडच्या ॲबरडीन गावी विषमज्वराची साथ आली होती. जे लोक जंतूचे कायमचे वाहक होऊन राहिले होते त्यांच्यात पित्ताशयाचा कर्करोग फार दिसला, आणि त्या साथीत आजारी पडून जे पुरते बरे झाले त्यांच्यात तसा दिसला नाही. १९९४ साली हे छापले गेले. परळचे संशोधन केंद्र दरम्यान खाडीपलीकडे खारघरला गेले होते. तिथे डॉ. अमित दत्त यांच्या चमूने २६ रुग्णांच्या पित्ताशयाच्या गाठी तपासल्या, आणि काहींत विषमज्वराच्या कुळातल्या जंतूंच्या खुणा सापडल्याचे २०१६ साली सांगितले. त्याच चमूने २०२२ साली जिभेच्या कर्करोगाच्या गाठींत हिरड्यांत राहणारा फ्युजोबॅक्टेरियम जंतू पाहिला. तो जास्त असलेल्या रुग्णांची प्रकृती पुढे जास्त ढासळली. मात्र जंतूने रोग आणला की रोगाने जंतूला घर दिले, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. तंबाखू सुटल्याशिवाय नुसत्या दात घासण्याने भागेल असे कोणी समजू नये.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे असतो तो जंतूहूनही बारीक विषाणू. त्याची तपासणी किती गुणकारी, हे आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाने २००९ साली जगाला दाखवले. विषाणूची एकदा केलेली तपासणी पाहणाऱ्या गटात त्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

आता एक उलटी गोष्ट. आपल्या मुलांच्या डाव्या दंडावर क्षयाच्या लशीचा वण असतो ना, ती बीसीजी लस म्हणजे दुबळा केलेला जिवंत जंतूच. १९७६ साली कॅनडात मोरालेस नावाच्या डॉक्टरांनी ती मूत्राशयाचा कर्करोग असलेल्यांच्या मूत्राशयात, आठवड्यातून एकदा अशी सहा आठवडे, सोडून पाहिली. जंतू पाहून शरीराचे रक्षक पेशी तिथे धावून येतात आणि जंतूबरोबर गाठीच्या पेशींनाही झोडपतात. वरवरच्या गाठींसाठी हा उपचार आजही मुंबईच्या रुग्णालयांत चालतो, आणि त्यासाठी लागणारी लस पुण्याला तयार होते.