भिंतीवरच्या फोटोचं कुळ

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत भिंतीवर चंदनाचा हार घातलेला एक जुना फोटो असतो. जवळून पाहिलं तर खांद्यापाशी कड कापल्यासारखी दिसते. कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून तेवढाच चेहरा उचलून मोठा केलेला असतो, मागची माणसं पुसून राखाडी रंग भरलेला असतो. गेलेल्या माणसाचा फोटो बहुधा तेवढाच निघालेला.

१८३९ मध्ये पॅरिसला दागेरची फोटो काढायची पद्धत जाहीर झाली. तीत चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे. एकच पत्रा, त्याची प्रत नाही. आपला फोटो त्या कुळातला नव्हे. तो निगेटिव्हच्या कुळातला: आधी इंग्लंडात टॅलबटची कागदी निगेटिव्ह आली, मग १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरची काचेची. कोलोडियन लावलेली काच ओली असतानाच चित्र घ्यायचं आणि वाळायच्या आत धुवायचं. खटाटोप मोठा, पण एका काचेवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. आर्चरने पेटंट घेतलं नाही आणि १८५७ मध्ये तो गरिबीतच वारला. सामान्य माणसाचा चेहरा मागे उरू लागला तो त्याच्यामुळे. त्याचं नाव दागेरइतकंच घेतलं जायला हवं.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. विल्यम जॉन्सनही होता. त्याने मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. स्टुडिओत उभ्या केलेल्या माणसांच्या आकृती कापून त्याने त्या भलत्याच देखाव्यांवर बसवल्या. खाली नाव जातीचं. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांतही बहुतेकांची हीच गत. ती माणसं कॅमेऱ्यासमोर न हलता उभी राहिली, आणि त्यांचं नाव लिहून ठेवावंसं कुणाला वाटलं नाही, याचा मला आजही राग येतो.

घरच्या फोटोने तीच कात्री उलट चालवली. जॉन्सनने माणूस कापला तो नमुना म्हणून मांडायला, गावच्या फोटोवाल्याने कापला तो गर्दीतून आपला माणूस वेगळा काढायला. पुसट झालेल्या भुवया त्याने ब्रशने ओढल्या, डोळ्यांत पांढरा ठिपका दिला, लुगड्याला रंग चढवला. याला खोटेपणा म्हणणारे आहेत. मला तो म्हणवत नाही. मूळ चेहऱ्यावरून आलेला प्रकाश त्या काचेवर एकदा पडला होता, आणि चित्रकाराच्या उत्तम तसबिरीतही नसलेली ही गोष्ट घरच्यांना पुरेशी होती.

मात्र हे नातं चेहरा ओळखणारं कुणी असेपर्यंतच. घरं मोडतात, फ्रेमा भंगारात जातात आणि त्यातले काही फोटो मुंबईच्या चोर बाजारात विकायला येतात. मागे नाव लिहिलेलं नसलं की दुकानदार पेहरावावरून काळ सांगतो, नथीवरून आणि पगडीवरून जात सांगतो, आणि गिऱ्हाईक त्यावरच भाव करतं.