सिडकोच्या जुन्या घरात किचन नवं करताय? टाइल्सआधी हे तपासा

किचनचं काम काढलं की चर्चा ट्रॉली, टाइल्स आणि ओट्याच्या ग्रॅनाइटची होते. नवी मुंबईतल्या जुन्या घरांत मात्र आधी भिंत आणि स्लॅब बघावे लागतात.

ही घरं वेगळी का?
सिडकोची स्थापना १९७० साली झाली. वाशी, नेरुळ, बेलापूरमधल्या सिडकोच्या अनेक इमारतींनी आता तिशी ओलांडली आहे. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात साकारलं. पुढे घर वाढवता यावं, म्हणून तिथे दोन घरांत सामाईक भिंत ठेवलेली नाही. फ्लॅटमध्ये ही मोकळीक नसते. तिथे एकाची फरशी म्हणजे दुसऱ्याचं छत.

खाडीच्या हवेनं काय होतं?
हवेतले क्षार आणि ओल काँक्रीटमध्ये शिरली की आतली सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट फुटतं. सळईच्या रेषेत तडा, गंजाचे डाग, ठोकल्यावर पोकळ आवाज ही त्याची लक्षणं. अशा छतावर फॉल्स सीलिंग लावलं, तर दुखणं फक्त झाकलं जातं.

ओपन किचनसाठी भिंत पाडता येते का?
काही जुन्या इमारतींचा भार कॉलम-बीमवर नाही, थेट भिंतींवर असतो. त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय भिंतीला हात लावू नये. रचनेत बदल होणार असेल, तर सोसायटी आणि महापालिकेची परवानगी लागते. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल, तर आदर्श उपविधींनुसार दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट अपेक्षित आहे. कामाआधी सोसायटीकडून तो अहवाल मागून घ्यावा.

कामाचा क्रम कसा असावा?
• आधी स्लॅब-बीमची दुरुस्ती
• मग नळाच्या पाइपलाइन आणि वायरिंग
• सिंक, मोरीखाली वॉटरप्रूफिंग. टाइल्सआधी मोरीत २४ तास पाणी साठवून खालच्या घरात गळती होते का, ते पाहावं
• शेवटी टाइल्स आणि ट्रॉली

सामान कोणतं घ्यावं?
प्लायवूडवर आयएस ७१० हा शिक्का बघावा, तो पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा असतो. बिजागऱ्या आणि ट्रॉली ३०४ ग्रेड स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. पाइप गॅसची जोडणी हलवायची असेल, तर ते काम गॅस कंपनीकडूनच करून घ्यावं.

बजेट ठरवताना दुरुस्तीची रक्कम आधी बाजूला काढावी. टाइल्स नंतरही बदलता येतात, पण गंजलेल्या सळईसाठी नवं किचन पुन्हा फोडावं लागतं.