सापांच्या राजाचं कूळ

अरब आणि इराणी यांच्या वैराचा उगम सहसा कादिसियाच्या लढाईत शोधतात. इ.स. ६३६च्या सुमारास तिथे अरबांनी इराणच्या सासानी राजांची फौज मोडली. सद्दाम हुसेननं १९८०च्या युद्धाला तेच नाव दिलं. मला मात्र झपाटलं आहे जहाकनं.

फिरदौसीचा ‘शाहनामा’ १०१० साली पुरा झाला. त्यात जहाक हा अरब राजपुत्र. त्याच्या खांद्यांवर दोन साप उगवतात, त्यांना रोज माणसांचे मेंदू लागतात आणि हजार वर्षं इराण भरडला जातो. पारशांच्या ‘अवेस्ता’ या धर्मग्रंथात मात्र हा माणूसच नाही. तिथे तो अझी दहाक, तीन डोक्यांचा, सहा डोळ्यांचा सर्प. त्याला मारतो थ्रएतओन. ऋग्वेदातही त्रित आप्त्य मारतो तो विश्वरूप तीन डोक्यांचा, सहा डोळ्यांचाच, आणि अझी म्हणजे आपला अहि! इतक्या जुन्या या कथेत अरब कुठेच नाही. मग सर्पाला अरब कुणी केलं?

एक मत असं : ‘अवेस्ता’त दहाक बव्री देशात यज्ञ करतो, बव्री म्हणजे बाबिलोन, तेव्हा पश्चिमेकडची धास्ती कथेत मुळातच होती. मला हे पटत नाही. बाबिलोनचं भय म्हणजे अरबांचं भय नव्हे. शिवाय पाचव्या शतकातला सासानी राजपुत्र बहराम वाढला तो हीरा इथल्या लखमी अरबांकडे, आणि गादी मिळवली तीही त्यांच्याच फौजेच्या बळावर. सर्पाच्या वंशात कुणी पोटचं पोर सोपवेल का? जहाकला अरब कूळ चिकटलं ते पराभवानंतरच, असं मी ठामपणे म्हणतो.

आज हाती असलेला ‘बुंदहिश्न’ हा पारशांचा पहलवी ग्रंथही नवव्या शतकातला. त्यात दहाकच्या पूर्वजांत ताज येतो, म्हणजे अरबांचा मूळपुरुष. आणि हा ताज कोण? इराण्यांचा मूळपुरुष होशंग, त्याचा सख्खा भाऊ! देश गमावलेल्या पुरोहितांनी जेत्याला सर्पाचं कूळ दिलं, पण घराण्याबाहेर काही काढलं नाही. ही तर सरळ भाऊबंदकी.

दुसऱ्या बाजूची गंमत आणखी मोठी. येमेनी अरब जहाक आपलाच म्हणून सांगत, अशी नोंद इतिहासकार तबरीनं केली आहे. ही फुशारकी कवितेत मिरवणाऱ्यांत अरबी कवी अबू नुवास होता. त्याची आई इराणी.